रविवारी साफ झालेला किनारा

बाळांनो, तुमच्या तिकडच्या किनाऱ्यावर कचरा गोळा करतानाचे तुमचे फोटो पाहिले. हातमोजे, पोती, हसरे चेहरे. मी शाबासकी कळवली खरी, पण मनापासून नाही. का, ते लिहिते.

इथल्या कोळीवाड्यातल्या शाळेत मी पुष्कळ वर्षं शिकवलं. तिथली एक विद्यार्थिनी आता स्वतः आजी झाली, तरी मला टीचरच म्हणते. मासळी कमी झाली तेव्हा तिनं वाड्यातल्या बायका जमवून समुद्री शेवाळाची शेती सुरू केली. बांबूचे तराफे करायचे, त्यांवर दोऱ्या ताणायच्या, दोऱ्यांना शेवाळाचे तुकडे बांधायचे आणि तराफा पाण्यात नांगरून ठेवायचा. वाढलं की कापायचं, वाळूवर जुनी जाळी अंथरून सुकवायचं. पुढे त्याचं खत होतं, आइस्क्रीम घट्ट करायलाही ते लागतं.

"आता गवत विकनार काय गो?" तिचा नवरा चारचौघांत म्हणायचा.

"तुमच्या जाल्यात मासली येईल तवा सांगा. तवर गवत खा!"

पहिली कापणी झाली. व्यापाऱ्यानं बजावलं होतं, माल स्वच्छ असेल तर नेईन आणि पुढेही येत जाईन. नसेल तर पुन्हा बोलवू नका. तो सोमवारी येणार होता.

रविवारी सकाळी सगळा वाडा चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला जातो. किनाऱ्यावर चिटपाखरू नसतं. तिथं वाळत घातलेल्या कोणाच्या बोंबलाला आजवर कोणी हात लावलेला नाही, त्यामुळे शेवाळाला राखण ठेवावी हे कोणाच्या मनातही आलं नाही. मीही त्या दिवशी त्यांच्याच चर्चमध्ये होते. ती गाणाऱ्या बायकांत पहिल्या ओळीत उभी होती.

परत आलो तर वाळू मोकळी. रस्त्याच्या कडेला एकसारखे टी-शर्ट घातलेली माणसं पोत्यांच्या ढिगापुढे फोटो काढत होती.

"टीचर, आमचं शेवाल कुटं गेलं?"

त्यांचा पुढारी, गोखिवऱ्याच्या एका सोसायटीतला तरुण, आनंदानं पुढे आला. "आंटी, सगळं क्लीन केलं! सडलेली जाळी, गंदगी... वास बघा ना किती!"

"सडलेलं तुजं डोकं! आमची मेहनत होती ती!"

पोती उघडली. दारूच्या बाटल्या, लहान मुलांचे डायपर, फुटक्या काचा, आणि त्यांत कालवलेलं आमचं शेवाळ.

"कोणाला विचारलंत?" मी म्हणाले.

"इथे कोण नव्हतंच, आंटी. आणि परमिशन घेतलीय आम्ही."

घरात कोणी नाही म्हणून सामान बाहेर फेकतात का? मोठमोठ्या इमारतींचं सांडपाणी ज्या नाल्यातून याच समुद्रात येतं, त्या नाल्यापाशी यांतलं कोणी हातमोजे घालून उभं राहिलेलं मला दिसलं नाही. तिथं फोटो चांगले येत नसावेत.

मी वर्गातला आवाज काढला. "खाली बसा सगळे, आणि निवडा." काही बसले. बाकीच्यांना जेवायला घरी जायचं होतं. तिचा नवरा आला, खाली बसून काचा वेचू लागला. त्या दिवशी तो हसला नाही.

बरंचसं वायाच गेलं. सोमवारी व्यापाऱ्यानं उरलेलं हातानं चाळलं, त्यातलं थोडं नेलं आणि "पुढच्या वेळी बघू" म्हणाला. पोत्यांचा फोटो मात्र फोनवर अजून फिरतो आहे. काढून टाका, असं मी कळवलं, तर उत्तर आलं, "आंटी, लोकांना खूप आवडलाय."

पुढच्या वेळचं शेवाळ आता वाळूवर आहे. रविवारी ती जाळ्यांपाशी एकटी बसते. इतर बायकांनी पाळ्या लावू या म्हटलं, पण ती ऐकत नाही. आता एक पोतंही गेलं तर व्यापारी गेला, म्हणते. चर्च जवळच आहे, गाणी वाळूपर्यंत ऐकू येतात. ती तिथूनच आपला आवाज लावते. चूक दुसऱ्यांची, आणि मिस्सा चुकते हिची. मला तिकडे बघवत नाही.

तुमच्या एका फोटोत मागे, वाळूवर नीट पसरलेलं जाळं दिसतं. पुढच्या फोटोत ते नाही. ते कोणाचं होतं, विचारलंत का?