बट

रेणापूरच्या एसटी स्टँडसमोर त्याचं खताचं दुकान आहे. नाव मी कधी विचारलं नाही. सोयरीक जुळवण्याआधी मुलाची चौकशी करायला आसपासची गावं त्याच्याकडेच येतात. भाचीसाठी मीही गेलो.

त्याने चष्मा काढला आणि उपरण्याच्या टोकाने सावकाश पुसला. "पोरगं निर्व्यसनी हाय. घर लई चांगलं हाय. बट..." एवढं बोलून त्याने चष्मा चढवला.

"बट काय?"

"काय न्हाई. बट."

या एका शब्दावर दोन-तीन सोयरिकी मोडल्याचं मी ऐकून होतो, म्हणून उठलोच नाही. शेवटी तो वैतागला.

"तालुक्याच्या सायबानं माझी फाईल बघितली. समदं ठीक हाय म्हनला, बट म्हनला, अन् जेवायला गेला. आठ वर्सं झाली. आपन 'पण' म्हनलं तर लोक कारण इचारतेत. बट म्हनलं की गुमान घरी जातेत. तुमीच पहिले बसून राहिलेले."

आम्ही लग्न उरकलं. पंगतीत भाचीचे वडील, म्हणजे आमचे दाजी, लग्नाला आलेल्या त्या दुकानदाराच्या शेजारी ठाण मांडून होते. त्याने तोंड उघडलं की दाजी जिलबी वाढायचे.

जाताना तो मांडवात थांबला. चष्मा काढून पुसला. "लगीन लई चांगलं झालं," म्हणाला. दाजींनी श्वास रोखला. त्याने चष्मा चढवला आणि सरळ एसटीत जाऊन बसला.

तेव्हापासून दाजींची झोप उडाली आहे. म्हणतात, "बट का म्हणला नसंल?"