किरणच्या नावाने

मोबाइलवर दादाचं नाव दिसलं आणि वहिनी गेली, हे मला फोन उचलायच्या आधीच कळलं. गेल्या तीन वर्षांत माझ्या थोरल्या भावानं मला स्वतःहून एकदाही फोन केला नव्हता. सकाळचे साडेदहा झाले असतील. माझ्या सायबर कॅफेत एक बाई लेकीच्या प्रवेशाचा अर्ज भरत बसल्या होत्या. दादा एवढंच म्हणाला, "गेली. ये." नाशिकजवळ मखमलाबादच्या आमच्या मळ्यात पोचलो तेव्हा ओसरीवर बायका जमल्या होत्या आणि दादा झेंडूच्या वाफ्यात एकटा उभा होता. रात्रीच्या गडबडीत पाणी बंद करायचं राहून गेलं होतं, ते बंद करत होता. मला बघून त्यानं मान हलवली. आज या गोष्टीला सहा आठवडे झाले. वहिनीबद्दल लिहायचं तर मी केलेली एक गोष्टही लिहावी लागेल, म्हणून इतके दिवस पेन उचलवत नव्हता.

मंदावहिनी आमच्या घरी आली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि आमची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. मी तिला पहिल्यापासून अगंतुगं करायचो, ती मात्र त्या बारा वर्षांच्या पोरालाही भाऊजी म्हणायची, तुम्ही म्हणायची. माहेर निफाडकडचं, शिक्षण नववीपर्यंत. पहाटे फुलं तोडायची, सकाळी फूलबाजार, दुपारी मजुरांचं जेवण. तोडणीच्या दिवसांत पंधरा-वीस माणसं बांधावर जेवायला बसायची. वहिनी वाढता वाढता सगळ्यांकडे बघत असायची. कुणाचं घरी भांडण झालंय, कोण काम सोडून जाणार आहे, कुणाला दिवस गेलेत, हे तिला ताटावरून कळायचं. "पारूबाई दोन दिवस भाकरी नुसती चिवडतीये," ती मला सांगायची, आणि चार दिवसांनी कळायचं की पारूबाईच्या नवऱ्यानं दुसरा घरोबा केलाय.

किरण तिचा एकुलता एक. नव्वदच्या दशकात तो वाढला तो रद्दीच्या दुकानांत. बाजाराच्या दिवशी आईबरोबर नाशकात यायचा आणि रद्दीवाल्याकडची चित्रांची पुस्तकं उकिडवा बसून वाचायचा. पुढे मी दुकान टाकलं, इंटरनेट आलं, आणि कॉलेजात गेलेल्या किरणला त्याची बोट सापडली. बोट हा आमच्या घरातला शब्द. ती होती समुद्री चाच्यांची एक लांबलचक जपानी चित्रकथा. जपानमध्ये आठवड्याला तिचा एक भाग छापून यायचा, कुणी हौशी लोक त्याचं इंग्रजी करायचे, आणि शुक्रवारी तो आमच्यापर्यंत पोचायचा. बुडालेलं एक बंदर शोधायला निघालेली सतरा वर्षांची मुलगी, तिचं डागडुजी केलेलं जहाज आणि त्यावरची नऊ माणसं. वाचणाऱ्यांचा इंटरनेटवर एक ग्रुप होता. इंदूर, पुणे, नागपूर, मलेशिया, कुठले कुठले लोक. नवा भाग आला की त्यावर दोन दोन दिवस वाद चालायचे. किरण चार नंबरच्या मशीनवर बसून त्यांच्याशी भांडायचा, हसायचा. मळ्यात तोंडातून शब्द न काढणारा मुलगा तिथे पानंच्या पानं लिहायचा.

एकोणीस वर्षांचा असताना तो गेला. मामाकडून निफाडहून मोटरसायकलवर परत येत होता. चांदोरीच्या अलीकडे कांद्याची ट्रॉली रस्त्याकडेला उभी होती, भर दुपारी, लख्ख उन्हात. ती त्याला कशी दिसली नाही, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

तीन आठवड्यांनी वहिनी दुकानात आली. आधी कधी आली नव्हती. म्हणाली, तो कुठं बसायचा ते दाखवा. मी चार नंबरची खुर्ची दाखवली. ती बसली, पडद्याला हात लावून बघितला, मग म्हणाली, काय बघायचा ते दाखवा. मी ग्रुप उघडला. त्यात किरणसाठी बारा निरोप पडले होते. कुठे गायब झालास? नवा भाग वाचलास का? तू म्हणाला होतास तसंच झालं, बघ. मी एकेक मराठीत सांगत गेलो आणि ती ऐकत गेली. शेवटी मी म्हटलं, यांना कळवायला हवं, आणि लिहायला घेतलं. "आमचा किरण" एवढे शब्द इंग्रजीत उमटले आणि वहिनीनं माझं मनगट धरलं.

"आज नको, भाऊजी. आज लिहा, परीक्षा चालू हाय म्हणून."

मी लिहिलं. मला वाटलं, एक आठवड्याचा प्रश्न आहे... बाईला श्वास घ्यायला तेवढा वेळ मिळू दे. या एका ओळीला दुसरं कुणीही जबाबदार नाही. शिकलेला मी होतो, किरणचा पासवर्डही मलाच ठाऊक होता.

पुढच्या शुक्रवारी ती पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. दुपारचं काम आटोपून, पदरानं तोंड पुसत आत यायची आणि चार नंबरला बसायची. मी बाजूला स्टूल घेऊन नवा भाग वाचून दाखवायचो, वेळ उरला की अगदी पहिल्यापासूनचे जुने भागही. पात्रांची जपानी नावं तिच्या जिभेवर बसेनात, म्हणून तिनं स्वतःची ठेवली. सुकाणू धरणारा मुकादम, तोफेवरचा दाढीवाला म्हणजे बुवा, आणि कप्तान मुलगी नुसतीच पोरगी. तिचे प्रश्न वेगळेच असायचे. नऊ माणसांना प्यायचं पाणी कुठून आणतात? पोरीचे केस कोण विंचरतं? मला हसू यायचं. पण ग्रुपवर किरणच्या नावाने काहीतरी लिहिणं भाग होतं, आणि मला स्वतःला त्या गोष्टीत गती नव्हती. मी तिचे प्रश्न इंग्रजी करून टाकू लागलो.

लोक त्यावर तुटून पडले. हा पूर्वीचा किरण नव्हे, असं काही जणांनी लिहिलं, पण कौतुकानं लिहिलं. परीक्षेनं शहाणं केलं तुला, असं इंदूरच्या एकानं म्हटलं. एका भागात जहाजावर मेजवानी होती, दोन पानभर चित्र. वहिनी ते बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यो मुकादम जेवत का नाय? मागं बेटावर बसले तवा बी जेवला नव्हता." आम्ही मागचे भाग काढून पाहिले. तिचं खरं होतं. सगळे खात असताना त्याच्या हातात कधीच काही नव्हतं. "ह्याच्या मनात पाप हाय," ती म्हणाली. "ज्यांचं वाईट करायचं त्यांचं अन्न गिळवत नाय माणसाला." मी ते लिहिलं. ग्रुपवर चेष्टा झाली. मुकादम सगळ्यांचा लाडका होता. अडीच महिन्यांनी एका शुक्रवारी त्यानं जहाज शत्रूच्या हवाली केलं. त्या दिवशी ग्रुपवर नुसता गदारोळ होता. कुणी रडलो म्हणून लिहिलं, कुणी वाचणं सोडतो म्हणून, आणि प्रत्येक तिसरा निरोप किरणला होता... तुला कसं कळलं? मी वाचून दाखवत होतो आणि वहिनीच्या चेहऱ्यावर, मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा, काहीतरी उमटलं होतं. तेव्हा थांबायला हवं होतं. मला ते कळतही होतं. पण तो चेहरा परत विझवायची माझी हिंमत झाली नाही.

नागपूरच्या रेवतीचे निरोप आधीपासून यायचे. किरण आणि ती ग्रुपबाहेरही एकमेकांना लिहीत. तिला परीक्षेचं, कामाचं कारण सांगून मी टाळत राहिलो. मग तिची आई आजारी पडली आणि तिनं घाबरून एक लांब पत्र लिहिलं. वहिनीनं ते दोनदा वाचून घेतलं आणि उत्तर सांगितलं, आजाऱ्याजवळ कसं बसावं, त्याच्याशी काय बोलावं, आपण स्वतः कधी जेवून घ्यावं. मी शब्द न् शब्द उतरवलं. त्यानंतर रेवती दर आठवड्याला लिहू लागली. फोटो मागायची, फोन नंबर मागायची. मी विषय बदलायचो. दीड वर्ष असं गेलं. एका शुक्रवारी तिनं कळवलं की ती मुंबईला मुलाखतीला चालली आहे, वाटेत नाशिकरोडला उतरेल, पुढच्या गाडीपर्यंत तीन तास आहेत, आणि आता कुठलंही कारण चालणार नाही.

वहिनी म्हणाली, मी जाते. स्टेशनवर आम्ही दोघं गेलो. वहिनीनं डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. निळ्या ड्रेसमधली एक सडपातळ मुलगी गाडीतून उतरली आणि गर्दीत किरणला शोधू लागली. तिची नजर आमच्यावरून दोनदा गेली. वहिनीनं पुढे होऊन तिचा हात धरला, बाकावर बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं की मी किरणची आई, किरण दीड वर्षापूर्वी अपघातात गेला. रेवतीनं विचारलं, मग लिहितं कोण? वहिनी म्हणाली, मी सांगते, हे माझे दीर लिहितात.

"आई आजारी होती तेव्हाचं?"

"ते बी मीच, बाळा."

"मी घरी त्याचं नाव सांगून आलेय," रेवती म्हणाली. आवाज चढला नव्हता. ती उठली, बॅग उचलली आणि प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. तीन तास ती तिथे होती. आम्हीही बाकावर बसून होतो. तिची गाडी आली, ती चढली, आणि वहिनीनं डबा पिशवीत परत ठेवला.

चार दिवसांनी रेवतीनं ग्रुपवर सगळं लिहिलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मग लोक बोलू लागले. मेलेल्या पोराच्या नावावर वाहवा मिळवणारी बाई, असं एकानं लिहिलं. दुसऱ्याला वाटलं, आम्ही आजारी माणसं आहोत. दीड वर्ष ज्याच्याशी मैत्री केली तो कोण होता, याचा आता विचारच करवत नाही, असं इंदूरच्या त्या मुलानं लिहिलं, आणि ते मला सगळ्यांत जास्त लागलं. मी वाचताना काही ओळी गाळत होतो. वहिनीच्या ते लक्षात आलं. "सगळं वाचा भाऊजी, गाळू नका," ती म्हणाली. सगळं ऐकून झाल्यावर ती उठली. "बरोबर बोलतात," म्हणाली आणि गेली. त्यानंतर ती कधीच दुकानात आली नाही.

दादाला यातलं काहीच माहीत नव्हतं. रेवतीच्या वडिलांनी गावावरून नंबर शोधून मळ्यातल्या फोनवर फोन केला, तो नेमका दादानं उचलला. संध्याकाळी तो दुकानात आला आणि दारातच उभा राहिला. ओरडला नाही. "त्याचा दहावा मी केला सुधीर, रामकुंडावर," तो म्हणाला. "पिंडाला कावळा शिवायला दोन तास लागले. तू होतास शेजारी. आणि तू त्याला महिन्याभरात ह्या डब्यात जिवंत केलास?" त्या दिवसापासून त्याचं माझं बोलणं बंद झालं. वहिनीशी तो बोलायचा, पण कामापुरतं.

मी अधूनमधून सकाळी फूलबाजारात जायचो. टोपल्यांमागे बसलेली वहिनी इकडेतिकडे बघून हळूच विचारायची, "बोट कुठवर आली?" मी उभ्या उभ्या तीन-चार मिनिटांत गोष्ट सांगायचो. ती मान डोलवायची, हातातली माळ गुंफत राहायची. गेल्या वर्षी ती वाळत चालली. मी विचारलं तर म्हणाली, उन्हाचं होतं असं. तिच्या पोटात गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला विचारलं, जेवण कधीपासून कमी झालंय? दादा माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. वीस माणसांच्या पंगतीत कोण उपाशी आहे हे तिला दिसायचं. ती स्वतः कधीपासून जेवत नव्हती, ते आम्हा दोघांपैकी एकालाही सांगता आलं नाही... चार महिन्यांत सगळं आटोपलं. मी रेवतीला कळवलं. अजून उत्तर नाही. यावं असं म्हणायचा मला हक्कही नाही.

मागच्या आठवड्यात, दुपारी, दुकानात कुणी नसताना दादा आला. डोक्यावर नुकते खुंट उगवले होते. मी खुर्ची पुढे केली. तो बसला आणि म्हणाला, काय वाचायची ती, दाखव. मी पहिला भाग उघडला. बंदरावरून जहाज सुटतं, पोरगी दोर ओढते, तो भाग. दादा एकेका चित्रावर इतका थांबत होता की सोळा पानांना तासभर लागला. मग त्यानं विचारलं, तिनं सांगितलेलं काही अजून आहे का यात. होतं. ग्रुपवाल्यांनी शिव्या दिल्या, पण किरणच्या नावाचं काही पुसलं नव्हतं. याच भागावर तिनं सांगितलेल्या चार ओळी मी शोधल्या आणि पुन्हा मराठी करून वाचल्या.

"पोरगी निघाली तेव्हा सगळे तिच्याकडे बघतायत. घरात तिची आई असेल. ती संध्याकाळी किती जणांचा स्वयंपाक करत असेल? सवयीनं एक भाकरी जास्त होत असेल. ती भाकरी कुणी काढली नाही चित्रात."

दादानं गुडघ्यांवरचे हात उचलून तोंडावरून फिरवले.

"परत वाच," तो म्हणाला.