ट्रेनिंग झालं, पण शिकलं कोण?

आमच्या कामात रिपोर्ट क्लायंटच्या कपाटात जातो आणि तिथेच राहतो. किस्से मात्र आपल्याकडे साठत जातात. २०१२ ते २०१८ मी ऑकलंडला, हेन्डरसन भागातल्या एका छोट्याशा ऑफिसात होते. कंपन्या माणसांना ट्रेनिंग देतात ना, त्यातून कोणी खरंच काही शिकलं का, हे तपासायचं आमचं काम. ऑफिसात आम्ही दोघीच. मी मेघा, पुण्याची, आणि माझी बॉस लिनेट, तिथलीच. या कामात मी जितक्या वेळा तोंडाचा आ वासलाय, तितक्या वेळा डेन्टिस्टकडेही नाही!

*

पहिलंच काम एका बेकरीचं. कस्टमर सर्व्हिसच्या ट्रेनिंगचे फीडबॅक फॉर्म बघायचे होते. सगळ्यांनी ट्रेनरबाईंना पाचपैकी पाच दिलेले! म्हटलं, या बाईला भेटलंच पाहिजे. मॅनेजर म्हणाला, "ती? ती त्या दिवशी आजारी होती."

"मग ट्रेनिंग?"

"झालंच नाही."

"आणि हे फॉर्म?"

"जेवण आलं होतं ना! स्वीट ॲज, एकदम झकास होतं."

*

टाकानिनीच्या एका गोदामात सेफ्टीचा ऑनलाइन कोर्स होता, पाऊण तासाचा. एका फोर्कलिफ्टवाल्याने तो चार मिनिटांत संपवलेला, मार्क पैकीच्या पैकी. मला वाटलं, चोरी पकडली! त्याला बाजूला घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "मी सगळीकडे 'वरीलपैकी सर्व' दाबलं."

मी कोर्स उघडून बघितला. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर खरंच तेच! कोर्स बनवणाऱ्याला फोन लावला, तर म्हणतो, "लोकांना उगाच कन्फ्यूज कशाला करायचं?"

*

मग ते आगीचं ट्रेनिंग. मी मागे बसून नोंदी करत होते. मध्येच अलार्म वाजायला लागला. कोणी हललं नाही. मला वाटलं, ट्रेनिंगचाच भाग असेल. मग धुराचा वास आला. किचनमधला टोस्टर खराखुरा पेटला होता!

मी ओरडले, "अहो, बाहेर चला!"

शेजारची बाई म्हणाली, "मधूनच उठलं तर सर्टिफिकेट देत नाहीत."

आणि ट्रेनर? तो हात वर करून म्हणाला, "दोनच मिनिटं. बाहेर कसं पडायचं ते पुढच्या स्लाइडवर आहे!"

*

या कामाची लागण घरीही झाली. माझी लेक इरा, नऊ वर्षांची, तिथेच वाढलेली, 'खूप'ला 'हीप्स' म्हणणारी. तिला मी एका रविवारी पोळ्या लाटायला शिकवल्या. संध्याकाळी तिने माझ्या हातात एक कागद ठेवला. "कन्टेन्ट गुड. फॅसिलिटेटर हीप्स ओरडते."

*

आणि आता मनुरेवाचा किस्सा. आजही सांगताना माझ्या अंगावर काटा येतो.

तिथल्या एका वृद्धाश्रमात फर्स्ट एडचा कोर्स होता. ट्रेनर ग्रॅहम, तोच परीक्षकही, धिप्पाड माणूस, पूर्वी अग्निशमन दलात होता. शिकणाऱ्यांत एक शोभाताई होत्या. मूळ नाशिकच्या, तिथे स्वयंपाकघरात काम करायच्या. इंग्रजीत पायऱ्या ओळीने सांगता येईनात, म्हणून त्या दोनदा नापास झालेल्या. मी कोपऱ्यात चेकलिस्ट घेऊन.

सकाळी ग्रॅहमने एकदा पडून दाखवलं होतं. बेशुद्ध माणूस कसा दिसतो ते. छाती इतक्या जोरात दाबायची की बरगडी मोडली तरी चालेल, असंही सांगितलं होतं. चहानंतर बोलता बोलता तो पुन्हा पडला.

सगळे नीट बघत राहिले. एकाने वहीत टिपणही घेतलं. आणि मी, होय मीच, 'प्रात्यक्षिक खरं वाटलं' यापुढे बरोबरची खूण केली!

"अगं मेघा, याचे ओठ निळे पडलेत!"

शोभाताई होत्या. टेबल ढकलून त्या गुडघ्यांवर बसल्या आणि दोन्ही हातांनी त्याची छाती दाबायला लागल्या. मोठ्याने मोजत, चक्क मराठीत. "एक, दोन, तीन, चार... बघतेस काय? एक-एक-एकला फोन लाव!"

मी तीनदा एक दाबलं, तिथला इमर्जन्सीचा नंबर, आणि पत्ता सांगितला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. घामाने निथळत होत्या, पण मोजणं चालूच. ग्रॅहम वाचला.

त्या दिवशी घरी जाऊन मी खूप रडले. मग रिपोर्टमध्ये पहिल्याच ओळीत लिहिलं, शोभाताईंना पास करा. लिनेटने स्वतः कोर्सवाल्या संस्थेला फोन केला. बोलता बोलता तिचा चेहरा लाल झाला. फोन ठेवून मला म्हणाली, "त्यांचं म्हणणं, परीक्षकाने काम स्वतः पाहिलेलं पाहिजे. परीक्षक तेव्हा शुद्धीवर नव्हता!"

शोभाताईंना काय तोंड दाखवू?

दोन महिन्यांनी ग्रॅहम हळूहळू पावलं टाकत आमच्या ऑफिसात आला. "कुठाय तो परीक्षेचा फॉर्म?" म्हणाला. शोभाताईंच्या नावापुढे 'पास' लिहिलं, सही केली. खाली एक रकाना होता, 'पुरावा जोडा'.

त्याने पिशवीतून स्वतःच्या छातीचा एक्स-रे काढला आणि स्टेपल केला. तीन बरगड्या मोडलेल्या.