सुरतेला गेलेली

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही, पण कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीचा वास आला की बायकोचा वॉर्ड आठवतो. तिला छातीचा कॅन्सर झाला होता. चारचौघांत ते सांगायची मला लाज वाटायची, म्हणून ऑपरेशनच्या वेळी ती सुरतेला गेलीय असं मी तिच्या धानोऱ्याच्या बहिणीलाही सांगितलं. भेटीच्या वेळेला सगळ्या खाटांभोवती माणसं अन् डबे, हिच्याजवळ फक्त मी. शेजारच्या आजीने तिच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवत विचारलं, “तुन्हा माहेरनं कोनी नही का वं?” ती हसली. “बहीण शे ना. पन मी सुरतले शे, असं तिले वाटस.” मी सलाइनचे थेंब बघत राहिलो. बायको वारली तेव्हा बहिणीला म्हणालो, तिनेच सांगू दिलं नाही. मेलेल्या बहिणीवर ती अजून रुसलेली आहे. खोटं माझं होतं, एवढं तिला सांगणं माझ्याकडून बाकी आहे.