बारावं घर

आमच्या रस्त्यावरची तक्रारपत्रं मी लिहायचे. रहिवासी संघटनेतल्या बाकीच्यांना नुसता राग यायचा आणि मला तो कागदावर नीट मांडता यायचा, एवढाच फरक. नोकरीत दिवसभर सॉफ्टवेअर कसं वापरायचं याच्या सूचना लिहिते, त्यामुळे कुणाचाही संताप चार मुद्द्यांत बसवणं हा माझ्या हातचा मळ. पालिकेच्या ऑफिसातले कारकून म्हणायचे, "मॅडम, तुमचं पत्र आलं की निदान कळतं तरी काय हवंय ते." ही शाबासकी मी घरी येऊन दोनदा सांगायचे. नवरा म्हणायचा, "लेटरहेड छापून घे एकदाचं."

आमचा रस्ता कोरमंगलाच्या कडेला. पुण्याहून इथे आलो तेव्हा दोन्ही बाजूंनी दुमजली घरं होती आणि दुपारी भाजीवाल्याशिवाय कुणी फिरकत नसे. मग एकेक घर पाडून पीजी उभी राहिली. कुणाच्या तळमजल्यावर केक व्हायला लागले, कुणाच्या गच्चीत योगाचे वर्ग, आणि डिलिव्हरीवाल्यांच्या दुचाक्या नेमक्या आमच्या गेटसमोर. मला याचा खरोखर त्रास व्हायचा. घर घेताना शांत रस्ता म्हणून घेतलं होतं, आणि आपण एवढे हप्ते भरतोय ते काय हॉर्न ऐकायला, असं वाटायचं.

वडील गेल्यावर आई आमच्याकडे आली. मी एकुलती एक. तरी तिला आणायला वर्ष गेलं, कारण तिच्या लेखी लेकीच्या घरी चार दिवस पाहुणी म्हणून जायचं असतं, कायमचं नाही. शेवटी आली ती अट घालूनच. "राहते, पण जावयाच्या घरी नुसती बसून खायची नाही." मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, आल्यावर विसरेल.

ती विसरली नाही. शेजारच्या अक्कांकडून दोन महिन्यांत कुच्चु शिकली. कुच्चु म्हणजे साडीच्या पदराला रेशमी दोऱ्यांचे गोंडे बांधायचे. इकडे लग्नाची साडी त्याशिवाय नेसत नाहीत. पोर्चमध्ये उजेड चांगला, म्हणून तिथे खुर्ची टाकून बसायची. पदर टेबलावर ताणून, वर वरवंटा ठेवून, काठाच्या रंगाशी जुळणारा दोरा निवडायचा आणि बोटांनी एकेक गाठ मारत जायची. आधी अक्कांची साडी, मग त्यांच्या बहिणीची, मग शाळेतल्या टीचर, मग बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात जाणाऱ्या दोघी-तिघी. बस पकडायच्या आधी सकाळी साडी देऊन जायच्या. आईला कानडीचा गंध नव्हता. वर्षभरात ती "नाळे बन्नि", "स्वल्प लेट आगत्ते", म्हणजे उद्या या, जरा उशीर होईल, असं ठणकावून सांगायला लागली. मी अठरा वर्षं इथे राहून हिंदीवरच निभावत होते. रोजचं दूध ती आणायची, तिच्या कमाईतून, आणि त्यात कुणी हात घातलेला तिला खपत नसे.

मी हे सगळं बघत होते. आई रमली म्हणून मला बरंही वाटायचं. यापेक्षा जास्त विचार मी केला नाही.

या गोष्टीतलं पहिलं पत्र कोपऱ्यावरच्या घराबद्दलचं. तिथल्या मालकीणबाई निवृत्त नर्स होत्या. त्यांना घराचं ज्येष्ठांसाठी निवासस्थान करायचं होतं. दहा खोल्या, एक स्वयंपाकघर, एक लिफ्ट. त्यासाठी पालिकेची परवानगी लागत होती आणि पालिकेने शेजाऱ्यांच्या हरकती मागवल्या होत्या. संघटनेची बैठक आमच्याच हॉलमध्ये झाली. ॲम्ब्युलन्स येतील, भेटायला येणाऱ्यांच्या गाड्या लागतील, एकाने तर आवाज खाली आणून म्हटलं, सारखे मृत्यू होतील, मुलं घाबरतील. मी सगळं टिपून घेतलं आणि त्यातलं लाज वाटण्यासारखं काढून टाकून पत्र केलं. 'प्रस्तावित वापर हा निवासी वापर नसून संस्थात्मक वापर आहे.' हे वाक्य माझं. मला ते फार आवडलं होतं.

आईने चहा देता देता विचारलं, "म्हाताऱ्यांनी राहणं म्हणजे राहणं नाही का गं?"

"आई, तो कायद्यातला शब्द आहे."

"असेल बाई," ती म्हणाली आणि कप गोळा करून आत गेली.

परवानगी नाकारली गेली. नर्सबाईंनी घर विकलं. घेणाऱ्याने तिथे मोबाईलचं गोदाम काढलं, आणि मला दुसरं पत्र लिहायला विषय मिळाला.

या वेळी मी कुणाला सोडायचं नाही असं ठरवलं. पालिकेत नवीन अधिकारी आले होते, शांत, जरा दमलेले. म्हणाले, "एका गोदामावर कारवाई केली की तो विचारणार, बाकीच्यांचं काय? रस्त्यावर जिथे जिथे घरात धंदा चालतो त्याची यादी द्या. मग सगळ्यांना एकदमच नोटीस." मी शनिवार-रविवार वही घेऊन फिरले. गोदाम, तीन पीजी, केक, योग, तयार जेवणाचं किचन, गणिताची शिकवणी, अशी करत करत अकरा घरं झाली. त्यात समोरच्या ब्युटीपार्लरवालीचंही नाव होतं. नवऱ्याने टाकलेली बाई, पुढच्या खोलीत दोन खुर्च्या मांडून भुवया कोरायची. लिहिताना जरा थांबले, नाही असं नाही. पण नियम म्हणजे नियम, असं म्हणून लिहिलं. त्या दोन दिवसांत मी आमच्या पोर्चमधून किमान दहा वेळा आत-बाहेर केलं असेल. आई तिथेच गाठी मारत बसली होती. एकदा तिने मला पाणीसुद्धा आणून दिलं.

लोकांना वाटतं मी मुद्दाम लपवलं. तसं असतं तर परवडलं असतं. मला खरंच सुचलं नाही.

पाहणीला अधिकारी आले तेव्हा माझ्या हातात यादीची प्रत होती आणि मी पुढे चालत होते. आमच्या गेटपाशी पोचलो तर पार्लरवाली रस्ता ओलांडून आली. तिला कुणीतरी यादीबद्दल सांगितलं असणार.

"सर, इनके पोर्च में क्या चलता है, वो भी लिखो ना," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मॅडम, तुम भी तो दिनभर घर से ही काम करते हो. वो धंदा नहीं है क्या?"

सगळ्यांनी आमच्या पोर्चकडे बघितलं. आई खुर्चीत. मांडीवर मोरपंखी रेशमी साडी. समोर शेजारच्या अक्का, भाचीच्या लग्नाची साडी न्यायला आलेल्या. दोरीवर आणखी चार साड्या चादरीखाली टांगलेल्या. 

"छे, ते काय काम आहे?" मी हिंदीत म्हणाले, भराभरा. "म्हातारं माणूस आहे सर, वेळ जात नाही म्हणून करते. टाइमपास. छंद आहे तिचा."

अधिकाऱ्यांना मान्य होतं. "सरी, सरी," म्हणत ते पुढे निघालेही होते. तेवढ्यात आईने मांडीवरची साडी टेबलावर ठेवली, वर वरवंटा ठेवला आणि उठून गेटपाशी आली. तिची हिंदी बेताचीच, पण 'टाइमपास' कळायला हिंदी कशाला लागते?

"साहेब, लिहा," ती म्हणाली. "बारावं घर. हा माझा धंदा आहे. सहा वर्षं करत्येय."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या यादीकडे बघत राहिले. त्यांनी लिहिलं. पार्लरवालीने मान खाली घातली. तिला एवढं काही नको असावं.

नोटीस बाराही घरांना आली. तीस दिवसांत निवासी घरातला व्यवसाय बंद करा. मी अधिकाऱ्यांना जाऊन भेटले. माणूस भला होता. म्हणाले, "आईंचं वय बघा. छंद म्हणून करतात, असं त्यांच्या सहीचं द्या, मी नाव काढतो." घरी येऊन मी ते निवेदन लिहिलं. सगळं कौशल्य पणाला लावून, आदराने, तिच्या वतीने. आईने चष्मा लावून दोनदा वाचलं.

"छान लिहितेस तू," ती म्हणाली, आणि सही न करता परत दिलं.

"आई, एक शब्द आहे नुसता. सही कर आणि उद्यापासून बस पोर्चमध्ये."

"अकरा घरं लिहिलीस. तेव्हा मी तिथेच होते ना बसलेली?"

"मला तो धंदा वाटला नाही गं. शपथ."

"तेच म्हणत्येय मी," आई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी भांडले तरी असते.

नवऱ्याने तोडगा काढला. मागच्या खोलीत मोठा दिवा लावून देतो, तिथे करा, कोण बघायला येतंय? त्याच्या मनात खोट नव्हती. आई त्याला म्हणाली, "तुमचं घर आहे. तुमच्या घरात चोरून काही करायला लावू नका मला." हातातल्या साड्या तिने दिवस मोजून पुऱ्या केल्या आणि ज्याच्या त्याच्या घरी स्वतः पोचवल्या. एकतिसाव्या दिवशी पोर्चमध्ये रिकामं टेबल होतं. त्या आठवड्यात दूधही मीच आणलं. तिने पहिल्यांदा काही म्हटलं नाही. ही आता राहणार नाही, हे मला त्या दुधाच्या पिशवीवरून कळलं.

आनेकलच्या बाजूला ज्येष्ठांसाठी एक वसाहत आहे, हे तिला अक्कांनी सांगितलं. अक्कांची जाऊ तिथे राहते. आम्ही तिघं बघायला गेलो. मी माझ्या सवयीप्रमाणे प्रश्नांची यादी नेली होती. डॉक्टर, लिफ्ट, रात्रीचा पहारा. आईने व्यवस्थापकाला एकच विचारलं, "इथे बसून काम करता येतं का? बाहेरची माणसं आली तर चालतं?"

"करा की अम्मा. खाली लांब व्हरांडा आहे. एक आजी चकल्या करून विकतात. ही जमीन शेतीची बिगरशेती करून घेतलीय, दुकान, घर, सगळं चालतं इथे."

परतीच्या वाटेवर गाडी होसूर रोडला अडकली. मी रडत होते आणि ते लपवत नव्हते. म्हटलं, "एवढ्या लांब नको जाऊ. माझं चुकलं. दुसरं काहीतरी बघू, जवळ."

"जवळ होतं की," आई म्हणाली. "कोपऱ्यावर नर्सबाईंचं झालं असतं तर त्यात घेतली असती मी खोली. माझं काम, माझी खोली, आणि दुपारी तुझ्याकडे जेवायला आले असते. लेकीकडे जेवायला जायला काय हरकत होती?"

नवऱ्याने रेडिओ बंद केला. 

तिला तिथे जाऊन आता पाच महिने झाले. काम मिळतं. आनेकलच्या बायका येतात, कारखान्यातल्या मुली येतात. फोनवर ती मला रंग सांगते, आज जांभळा होता, आज राणी. माझी पत्रं बंद झाली आहेत. संघटनेने दुसरं माणूस शोधलंय. मोबाईलचं गोदाम मात्र अजून आहे. त्याच्या मालकाने म्हणे कोर्टातून स्थगिती आणली. पार्लर गेलं.

मागच्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास तिथून फोन आला, आईला कालपासून ताप आहे, एकशे तीन. मी चालू मीटिंगमधून उठले. कॅब मिळायला वीस मिनिटं, मग सिल्क बोर्डच्या चौकातली गर्दी, मग बोम्मसंद्र्याला शिफ्ट सुटलेली, बसच्या बस आडव्या. पोचायला अडीच तास लागले. आईचा डोळा लागला होता. डॉक्टर येऊन गेले होते. तिच्या उशाशी एक बुटक्या आजी बसल्या होत्या, कपाळावरची ओली घडी बदलत. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं आणि बसायला स्टूल सरकवलं.

"मुलगी का?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"हो."

"पहाटेपासून दोनदा म्हणाल्या, मुलीला कळवू नका, तिला यायला फार त्रास होतो." घडी पिळत त्या म्हणाल्या, "खूप लांब राहता का तुम्ही?"

 मी हो म्हटलं, त्यांच्या हातातली घडी घेतली आणि आईच्या कपाळावर ठेवली. कपाळ अजून चटका बसेल एवढं गरम होतं.