तड्यावरच्या काचा

टपाल कचेरीच्या सुताराचा सहजासहजी कशावरच विश्वास बसायचा नाही. नवी फूटपट्टी आणली तरी तो ती आधी जुन्या पट्टीशी ताडून बघायचा. म्हणून सगळे त्याला गुण्या म्हणायचे. काटकोन तपासायच्या त्याच्याच अवजाराचं नाव. एकतीस वर्षं त्याने त्या दगडी इमारतीची दारं, जिने, तुळया सांभाळल्या होत्या. कचेरी दुसरीकडे हलली, या इमारतीत वाचनालय करायचं ठरलं आणि आर्किटेक्ट बाई आल्या, तेव्हा त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

बाईंनी नऊ तड्यांवर काचेच्या पातळ पट्ट्या सिमेंटने चिकटवल्या. भिंत हलली तर काच तडकेल, असं त्यांनी समजावून सांगितलं. गुण्याने मान डोलावली, पण बाईंना इमारत पाडायला निमित्त हवंय, हे त्याने मनात पक्कं केलं. बाई गोड बोलत, ते तर त्याला जास्तच खटकायचं. घरी त्याने हे सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, लग्नात तुम्हाला माझाही संशय होताच. ते खोटं नव्हतं.

तीन आठवड्यांनी जिन्यामागच्या कोपऱ्यातली काच तडकली. जेवणाच्या सुट्टीत गुण्याने ती काढून हुबेहूब तशीच नवी बसवली. चार महिन्यांत तिथेच आणखी पाच वेळा. या कानाचं त्या कानाला कळलं नाही. तडकलेल्या काचा मात्र त्याने फेकल्या नाहीत. प्रत्येक कागदात गुंडाळली, वर तारीख घातली आणि खिळ्यांच्या डब्यात ठेवली. केलेलं काम टिपून ठेवायची खोड जाता जात नव्हती.

मग एके सकाळी बाईंनी टेबलावर नकाशा पसरला. एकही काच तडकली नाही, भिंती ठाम आहेत, तेव्हा पुस्तकांची लोखंडी कपाटं वरच्या मजल्यावर जिन्यामागच्या कोपऱ्यात, आणि बरोबर त्याखाली मुलांची वाचनखोली, असं त्यांनी सांगितलं. पाडण्याचा विषयच कधी नव्हता. गुण्याच्या पायाखालची जमीन सरकली. इमारत वाचावी म्हणून त्याने जे केलं, तेच ती पोरांच्या डोक्यावर आणणार होतं.

त्याने डबा आणला आणि सहाही पुड्या नकाशावर ठेवल्या.

"जिन्यामागची काच मी बदलत होतो, बाई. इमारत पाडाल म्हणून."

बाईंनी एकेक तारीख वाचली. त्यांचा गोड आवाज कुठल्या कुठे गेला होता. "आणि बाकीच्या आठ?"

"त्यांना हात लावला नाही."

बाई उठल्या, शिडी घेतली आणि आठही काचांचं सिमेंट स्वतः नखाने खरवडून तपासलं. गुण्या खाली शिडी धरून उभा होता. संशय घेतला जाणं कसं असतं, ते त्याला या वयात कळत होतं.

कपाटं तळमजल्यावर आली, मुलांची खोली दुसऱ्या टोकाला गेली, जिन्यामागच्या भिंतीखाली नवा पाया भरला. तिथे नवी काच बसवल्यावर बाईंनी तिच्यावर स्वतःची सही केली. गुण्याला ते फार लागलं. तरी रोज सकाळी आल्या आल्या तो आधी त्या सहीपाशी जायचा, आणि काच शाबूत दिसली की मगच पिशवी खाली ठेवायचा.