खुनी कोण ते आधीच सांगणारी

लोह्याला माहेरी असताना बायकोने एका मासिकातल्या चोराच्या सगळ्या गोष्टी वाचल्या होत्या. हा चोर पोलिसांच्या आधी खुनाचा छडा लावायचा आणि जाताना एखादा हार खिशात टाकायचा. पुढे त्याच गोष्टींवर एकामागून एक सिनेमे निघाले. उदगीरच्या आमच्या घरी टीव्हीवर ते लागले की ही अर्ध्यातच खुनी कोण ते सांगून टाकायची. मी लई चिडायचो. एकदा तर भरल्या ताटावरून उठलो.

शेवटचा सिनेमा यायच्या आधीच ती गेली. त्याचाही खुनी तिने सांगून ठेवला होता. "मुनीम हाय बघा."

परवा दुपारी मी तो सिनेमा एकट्याने बघितला. सिनेमावाल्यांनी गोष्टीचा शेवट बदलला होता. खुनी डॉक्टर निघाला.

"बघ, चुकलीस," म्हणत मी तिच्या खुर्चीकडे वळलो. त्या खुर्चीवर आता मी वाळलेले कपडे टाकतो. घड्या घालायच्या राहूनच जातात.

मला त्या सिनेमावाल्यांचा भयंकर राग आला. टीव्ही बंद केला आणि मोठ्याने म्हणालो, "डॉक्टर न्हाई. मुनीमच हाय."